विश्लेषण : किल्ली पाहून कुलूप ओळखता येते का? ‘हाय सिक्युरिटी’ सिलिंडर ओळखण्याचा छंद काय शिकवतो?

दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावती आणि अकोल्यातील अनेक घरांना मोठे कुलूप लागते. मुले पुण्या-मुंबईला नोकरीत असतात आणि आई-वडील महिनाभर त्यांच्याकडे जातात. निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिले जाते. ‘दुकानदाराने हाय सिक्युरिटी सांगितले होते’ एवढ्या भरवशावर घर सोडले जाते. पण हाय सिक्युरिटी म्हणजे नेमके काय आणि आपल्या दारावरचे कुलूप खरेच तसे आहे का, हे किती जणांना सांगता येईल? जगभरात काही मंडळी केवळ छंद म्हणून वेगळ्या धाटणीचे सिलिंडर आणि त्यांच्या किल्ल्या ओळखत असतात. त्यांनी कमावलेली नजर आपल्यालाही उपयोगी पडणारी आहे.

कुलपातील ‘सिलिंडर’ म्हणजे काय?

सिलिंडर म्हटले की आधी गॅसची टाकी आठवते. कुलपातील सिलिंडर मात्र बोटाएवढा असतो. किल्ली ज्या भागात जाते तो हा भाग. त्यात बाहेरचे स्थिर कवच असते आणि आत फिरणारा गाभा असतो. योग्य किल्ली घातली की गाभा फिरतो आणि त्याला जोडलेला तुकडा कुलपाचा दांडा पुढे-मागे सरकवतो. फ्लॅटच्या दारावरील नाइट लॅच, दाराच्या जाडीत बसवलेले मॉर्टिस कुलूप, ऑफिसचे टेबल, दुचाकी या सर्वांत कुठला ना कुठला सिलिंडर असतो. अनेक दारांत तो एका स्क्रूने बसवलेला असतो आणि पूर्ण कुलूप न बदलता एकटा बदलता येतो.

जुन्या पद्धतीचे जाड टाळे बहुधा वेगळे असते. त्यात एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या, म्हणजे लिव्हर असतात. टाळ्यावर ६, ७ किंवा ८ लिव्हर असे लिहिलेले असते ते याच पट्ट्यांबद्दल. किल्लीच्या टोकाला असलेले दाते प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर उचलतात, तेव्हा कडी सुटते. त्यामुळे कुलूप ओळखताना पहिला प्रश्न असतो, हे लिव्हरचे आहे की सिलिंडरचे?

साधा सिलिंडर काम कसा करतो?

सर्वाधिक आढळतो तो पिन टम्बलर प्रकार. लाकडी पिना किल्लीने उचलून अडसर मोकळा करण्याची कल्पना प्राचीन इजिप्तमध्येही होती. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६०च्या दशकात तिला आजचे आटोपशीर रूप दिले. गाभ्यात पाच किंवा सहा भोके असतात. प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक आणि वर स्प्रिंग असते. किल्लीवरील खाचा खालच्या पिना कमी-जास्त उचलतात. सगळ्या जोड्यांमधील फट गाभ्याच्या कडेशी एका रेषेत आली की गाभा फिरतो. एक पिन जरी वर-खाली राहिली तरी तो अडतो.

आता थोडे गणित. पाच पिना आणि प्रत्येक खाचेच्या सहा खोल्या धरल्या, तर कागदावर ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. प्रत्यक्षात काही जुळण्या वापरता येत नाहीत, म्हणून आकडा आणखी घटतो. शिवाय स्वस्त उत्पादनात पिना आणि भोके यांच्यात सैलपणा असतो. त्यामुळे जवळपासची खाच असलेली किल्लीही कधी कधी चालून जाते. शेजाऱ्याच्या किल्लीने आपले कपाट उघडल्याचे किस्से ऐकू येतात, त्यामागे हेच कारण असते.

मग ‘हाय सिक्युरिटी’ कशाला म्हणायचे?

डब्यावर छापलेल्या शब्दांना येथे फारसा अर्थ नाही. छंदी मंडळी तीन गोष्टी तपासतात. पहिली, आत दुसरी स्वतंत्र अडवणूक आहे का? म्हणजे पिना योग्य उंचीवर आल्या तरी गाभा फिरू नये, यासाठी बाजूची पट्टी, फिरणाऱ्या पिना किंवा चुंबक असे आणखी काही आहे का? दुसरी, ड्रिलने भोक पाडणे किंवा सिलिंडर मधोमध मोडणे याविरुद्ध कठीण पोलादाची तजवीज आहे का? तिसरी आणि सामान्य माणसाच्या सर्वाधिक कामाची, या किल्लीची नक्कल कोण करू शकतो?

युरोपात सिलिंडरसाठी ‘ईएन १३०३’ हे मानक आहे. त्यात किल्लीशी संबंधित सुरक्षेच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत आणि मोडतोडीला होणाऱ्या प्रतिकाराची श्रेणी वेगळी दिली जाते. म्हणजे मानकानेही ‘किल्ली किती वेगळी’ आणि ‘धातू किती टणक’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. आपण बाजारात कुलूप हातात घेऊन वजन पाहतो, तेव्हा या दोन्ही प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

किल्लीवरून कूळ कसे ओळखतात?

सिलिंडरचे पोट बंद असते, पण किल्ली उघडी असते. आत जे घडते त्याचा ठसा तिच्यावर असतो. म्हणून ओळख किल्लीपासून सुरू होते. मुख्य घराणी अशी :

खड्ड्यांची किल्ली : कडेला दाते नसतात, सपाट अंगावर गोल खड्डे असतात. दोन्ही बाजू सारख्या असल्याने ती कशीही घातली तरी चालते. अशा किल्लीची कल्पना स्वित्झर्लंडमधील काबा कंपनीने १९३४ मध्ये पुढे आणली. तिजोऱ्या बनवणाऱ्या फ्रान्झ बाउअर यांच्या ‘कासेन-बाउअर’ या नावाच्या आद्याक्षरांतून ‘काबा’ तयार झाले.

खड्ड्यात खड्डा : नीट पाहिल्यास मोठ्या खड्ड्याच्या आत दुसरा छोटा खड्डा दिसतो. म्हणजे कुलपात पिनेच्या पोटात दुसरी पिन आहे. इस्रायलमध्ये १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मल-टी-लॉकची ही ओळख.

तिरक्या खाचांची किल्ली : दाते सरळ कापलेले नसून काही डावीकडे, काही उजवीकडे कललेले असतात. येथे पिन केवळ उचलून भागत नाही, ती ठरावीक कोनात फिरावीही लागते. मगच बाजूची पट्टी आत सरकते. अमेरिकेतील मेडेको कंपनीने १९६८ मध्ये हा प्रकार बाजारात आणला. सहा पिना, सहा उंची आणि प्रत्येकीचे तीन कोन धरले तर कागदावरचा आकडा ७,७७६ वरून ३ कोटी ४० लाखांच्या पुढे जातो.

चकत्यांची किल्ली : किल्लीचा छेद अर्धगोल असतो आणि खाचा खोलीऐवजी कोनात कापलेल्या दिसतात. आत पिना नसतात, स्प्रिंगही नसते. रांगेत लावलेल्या चकत्या किल्लीबरोबर आपापल्या कोनात फिरतात. फिनलंडमधील कारागीर एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ मध्ये हे कुलूप तयार केले. ते गल्लापेट्या दुरुस्त करीत. त्यातील फिरत्या चकत्यांवरूनच त्यांना ही युक्ती सुचली. पुढे याच कुलपाचे ‘अब्लॉय’ झाले.

चुंबकाची किल्ली : अंगावर छोट्या गोल टिकल्या बसवलेल्या असतात. ऑस्ट्रियातील ‘इव्हा’ कंपनीच्या एमसीएस प्रकारात किल्लीतील चुंबक कुलपातील चकत्यांना न शिवता फिरवतात. किल्लीला टाचणी चिकटते का, एवढी चाचणी घरीही करता येते.

हलणारा भाग असलेली किल्ली : किल्लीच्या अंगात एखादा मणी किंवा टिकली नखाने दाबली की हलते. कुलपातील एखादी पिन या हलत्या भागामुळेच जागेवर येते. अशी किल्ली साध्या यंत्रावर कापून तयार होत नाही.

याशिवाय इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी घडी असलेली ऑस्ट्रेलियाची बायलॉक, अंगावर नागमोडी चर असलेली किल्ली असे प्रकार आहेत. नागमोडी चर तर अनेक मोटारगाड्यांच्या किल्ल्यांवर आपण रोज पाहतो, फक्त त्याकडे लक्ष जात नाही.

महाराष्ट्राचे या विषयाशी नाते काय?

ते फार जुने आहे. वकिली सोडून कारखानदारीकडे वळलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबागला एका छोट्या शेडमध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली. बाजारात तेव्हा विलायती कुलपांचा दबदबा होता. गोदरेज यांनी कुलूप एक आणि त्याची किल्लीही एकमेव, अशी हमी ग्राहकांपुढे ठेवली. पुढे त्यांनी लिव्हरमधील स्प्रिंग काढून टाकलेले कुलूप तयार केले, कारण स्प्रिंग हा लवकर दमणारा भाग असतो. चुकीची किल्ली फिरवली तर मालकाला ते कळावे, अशा ‘डिटेक्टर’ कुलपाचाही त्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत समावेश होता. १९०२ पासून तिजोऱ्या आल्या. आज हाय सिक्युरिटीच्या नावाखाली जी वैशिष्ट्ये सांगितली जातात, त्यातील वेगळी किल्ली आणि छेडछाडीची खूण हे दोन मुद्दे लालबागच्या शेडमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वीच चर्चेत होते.

जुनी कुलपे पाहायची असतील तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे अशा रोजच्या वापरातील वस्तू देशभर हिंडून जमवल्या आणि १९७५ मध्ये संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. लोक भंगारात टाकत होते त्या वस्तू त्यांनी पारखून घेतल्या. कुलूप ओळखण्याच्या छंदाची वृत्ती यापेक्षा वेगळी नाही.

जगात हा छंद कसा रुजला?

कुलूपवाल्यांच्या दाव्यांना आव्हान देण्याची परंपरा जुनी आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले असे. ते उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनीचे बक्षीस जाहीर होते. अनेक दशके कोणालाही ते जमले नाही. १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचे आल्फ्रेड हॉब्स यांनी १६ दिवसांत विखुरलेल्या सुमारे ५१ तासांच्या खटपटीनंतर ते उघडले. अभेद्य समजले जाणारे चब कंपनीचे डिटेक्टर कुलूप तर त्यांनी सुमारे २५ मिनिटांत उघडले होते. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. पण त्यातूनच अधिक चांगली कुलपे तयार झाली.

१९९७ मध्ये जर्मनीत हौशी मंडळींची संघटना स्थापन झाली आणि कुलपे हा रीतसर खेळ आणि छंद बनला. काहींना ती उघडण्यात रस असतो, तर काहींना केवळ ओळखण्यात. दुसऱ्या गटाला एखादी अनोळखी किल्ली मिळाली की ती कोणत्या देशातील, कोणत्या काळातील, कोणत्या यंत्रणेची, हे शोधण्यात आठवडे जातात. ग्रॅहम पुलफोर्ड यांचा हाय सिक्युरिटी यांत्रिक कुलपांवरील २००७ मधील जाडजूड संदर्भग्रंथ या मंडळींच्या टेबलावर असतो. पक्षिनिरीक्षक जसा चोच आणि पंखांवरून जात ओळखतो, तसे हे लोक किल्लीचा छेद आणि खाचांवरून सिलिंडर ओळखतात.

वऱ्हाडात या छंदाची सुरुवात कशी करता येईल?

पहिला संग्रह घरातच असतो. वऱ्हाडात प्रत्येक घरी एका डब्यात किंवा खिळ्यावर ‘ही कशाची चाबी आहे कोणास ठाऊक’ अशा चाब्यांचा जुडगा असतोच. तो टेबलावर ओता. प्रत्येक चाबी टोकाकडून पाहा आणि तिचा छेद कागदावर काढा. खाचा कडेला आहेत की अंगावर? एका बाजूला की दोन्ही? किती? सरळ की तिरक्या? काही हलते का? चुंबक आहे का? कंपनीचे नाव किंवा चिन्ह कोणते? एवढ्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली की निम्मी ओळख झाली.

दुसरी पायरी भंगाराची. अमरावतीचा इतवारा असो की अकोल्याचा टिळक रस्ता, बाजाराच्या आसपास जुने हार्डवेअर आणि भंगार धुंडाळणाऱ्याला मोडकी कुलपे मिळतात. मुंबईचा चोरबाजार तर या हौशींसाठी खजिनाच. किल्ली हरवलेले, दारावरून उतरवलेले कुलूप किलोच्या भावात येते. ते स्टीलच्या ताटात किंवा पांढऱ्या कपड्यावर उघडावे, नाहीतर तांदळाएवढ्या स्प्रिंग उडून कुठे जातील ते सापडत नाही. एक सिलिंडर स्वतः खोलून पिना मोजल्या की दहा चित्रे पाहून जे कळत नाही ते कळते.

तिसरा आणि सर्वांत चांगला गुरू म्हणजे रस्त्याकडेला बसणारा किल्लीवाला. त्याच्या फळीवर शेकडो कोऱ्या किल्ल्या लटकत असतात आणि आपली किल्ली हातात घेताच त्याचा हात बरोबर त्या खिळ्याकडे जातो. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. गर्दी नसताना त्याच्याकडे दहा मिनिटे थांबावे, एखादी नक्कल करून घ्यावी आणि ‘भाऊ, कोणती चाबी तुम्हाला बनवता येत नाही?’ एवढे विचारावे. त्याचे उत्तर ही आपल्या कुलपाची सर्वांत खरी परीक्षा असते.

ओळख पटल्याने देखभालीत काय फरक पडतो?

वऱ्हाडच्या हवेत बराच फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, वावटळी सुटतात आणि धूळ किल्लीच्या छिद्रातून थेट आत जाते. मग कुलूप अडले की खोबरेल तेलाचे किंवा घासलेटचे दोन थेंब सोडले जातात. खोबरेल तेल आणि धूळ मिळून आत चिकट राड तयार होते आणि पिना अडकू लागतात. पिन असलेल्या सिलिंडरला साधारणपणे कोरडी ग्रॅफाइट पूड मानवते. चकत्यांच्या अब्लॉयसारख्या कुलपाला मात्र पातळ यंत्रतेल दिले जाते. म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय तेल घालणे म्हणजे रोग न पाहता गोळी देणे.

स्प्रिंग नसलेली कुलपे धूळ आणि थंडी दोन्हींत टिकतात, ही बाबही ओळखीतूनच कळते. शेतावरील मोटारीच्या खोलीला किंवा गोदामाच्या फाटकाला टाळे निवडताना हा मुद्दा वजनापेक्षा महत्त्वाचा आहे.

फसगत कुठे होते?

सर्वाधिक फसगत खड्ड्यांच्या किल्लीत होते. बाजारात ती ‘कॉम्प्युटर की’ म्हणून विकली जाते. तिच्यात कॉम्प्युटर नसतो. खऱ्या हाय सिक्युरिटी सिलिंडरची किल्ली अशी दिसते, म्हणून स्वस्त कुलपेही तसेच रूप घेतात. आत मात्र साध्या पिनांची एकच रांग असते आणि दुसरी अडवणूक नसते. अधिकच्या (+) चिन्हासारखी चार बाजूंची किल्लीही अशीच. ती दिसायला विचित्र असते, पण विचित्र दिसणे आणि सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

खऱ्या मालाची काही लक्षणे असतात. किल्ल्यांसोबत संकेतांक असलेले कार्ड मिळते आणि ते दाखवल्याशिवाय अधिकृत विक्रेता नवी किल्ली देत नाही. कोरी किल्ली खुल्या बाजारात सहज मिळत नाही. येथे पेटंटचाही संबंध येतो. पेटंटची मुदत साधारणपणे २० वर्षे असते. ती संपली की कोऱ्या किल्ल्या इतरांनाही बनवता येतात आणि काल दुर्मीळ असलेली किल्ली आज फळीवर लटकू लागते. म्हणून छंदी लोक ‘हा प्रकार कोणत्या सालचा’ हे इतक्या चिकाटीने शोधतात. त्या सालावरून नक्कल किती सोपी झाली असेल याचा अंदाज येतो.

किल्लीचा फोटो टाकण्यात धोका काय?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की तळहातावर किल्ली ठेवून काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. आनंद समजण्यासारखा आहे, पण किल्ली हा गुप्त क्रमांकच आहे, फक्त धातूत कापलेला. २००८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी सुमारे १९५ फुटांवरून, म्हणजे जवळपास ६० मीटरवरून काढलेल्या फोटोतून किल्लीच्या खाचांची मापे काढून दाखवली. विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगा तपासण्यासाठी अमेरिकी यंत्रणा ज्या मास्टर किल्ल्या वापरते, त्यांचा फोटो २०१४ मध्ये एका बातमीसोबत छापला गेला. पुढच्या वर्षी त्यावरून थ्रीडी प्रिंटरने किल्ल्या तयार झाल्या. किल्ली चोरीला गेली नव्हती, ती फक्त दिसली होती.

म्हणून या छंदातील जाणती माणसे वापरातील किल्लीचा फोटो कधीच दाखवत नाहीत. ओळख विचारायची असेल तर खाचांचा भाग झाकतात, किल्लीवर कोरलेला क्रमांक लपवतात आणि फक्त छेद किंवा चिन्ह दाखवतात. अनेकदा तो क्रमांकच किल्ली पुन्हा बनवण्यास पुरेसा असतो. नवी किल्ली मिळताच तो वहीत उतरवून ठेवावा आणि सोबतचा पत्र्याचा बिल्ला जुडग्यातून काढून घरी जपून ठेवावा.

कायदा काय सांगतो?

आपल्या मालकीचे, वापरात नसलेले कुलूप खोलून पाहण्यात गैर काही नाही. दुसऱ्याच्या दारावरील कुलपाला हात लावणे हा छंद होत नाही. परवानगीशिवाय कोणतेही कुलूप उघडायचे नाही आणि रोजच्या वापरातले, भले स्वतःचे असले तरी, प्रयोगासाठी घ्यायचे नाही, हे जगभरातील हौशींचे दोन अलिखित नियम आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे (पूर्वीचा १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम) कलम १२२ आणखी एक गोष्ट सांगते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत समाधानकारक कारणाशिवाय घरफोडीचे साहित्य जवळ बाळगलेले आढळल्यास तो गुन्हा ठरू शकतो. तेव्हा भंगारातून आणलेली कुलपे आणि हत्यारे घरातच बरी. खांद्यावरील पिशवीत घेऊन रात्री हिंडण्याची ती वस्तू नव्हे.

बँकेच्या लॉकरला हीच नजर लावता येते का?

जरूर. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार लॉकरच्या प्रत्येक किल्लीवर बँकेचा किंवा शाखेचा ओळख संकेतांक उमटवलेला असावा. आपल्या किल्लीवर तो आहे का, हे आजच पाहता येईल. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट रकमेपर्यंत असते. म्हणजे भाडे २,००० रुपये असेल तर २ लाख. आत किती सोने ठेवायचे हे ठरवताना हा आकडा लक्षात ठेवावा.

मग घराला कुलूप लावताना काय पाहावे?

आधी आपले कुलूप कोणत्या घराण्यातील आहे ते ओळखावे. किल्लीवाल्याला तिची नक्कल दहा मिनिटांत करता येते का, ते विचारावे. येत असेल, तर आजवर ती किल्ली किती जणांच्या हातून गेली याची उजळणी करावी. आधीचा भाडेकरू, रंगारी, सुतार, दुरुस्तीला आलेला माणूस. फ्लॅटचा ताबा घेतल्यावर सर्वांत स्वस्त सुरक्षा म्हणजे सिलिंडर बदलणे. त्यासाठी मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्हीकडे ३० मिलिमीटर असेल तर तो ६० चा सिलिंडर. तो दाराच्या मुठीच्या पट्टीबाहेर फार डोकावता कामा नये, कारण बाहेर आलेला तुकडा पकडून मोडणे सोपे जाते.

शेवटी कुलपाची ताकद दाराइतकीच असते. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांच्या सागवानी दारांना जाड कोयंडे आरपार ठोकलेले असत. आता हजारोंचे कुलूप अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर टांगलेल्या कोयंड्याला लावले जाते. चोर अशा वेळी कुलपाच्या वाटेला जातच नाही, तो कोयंडा उखडतो. कुलपे पारखणारा माणूस म्हणूनच नव्या घरी गेला की आधी किल्ली पाहतो, मग छिद्र पाहतो आणि मग चौकटीवरून हात फिरवतो. पुढच्या वेळी गावाला निघताना कुलूप दोनदा ओढून पाहण्याआधी आपणही एवढे करून पाहायला हरकत नाही.